रंगमंचावरचा पियानो : डिजिटल वाद्यातील अस्सल ध्वनी कसा निवडावा?

सभागृह भरलेले असते. गायिकेने मुखडा उचललेला असतो आणि साथीला पियानो असतो. दुकानात हेडफोन लावून ऐकताना जो ध्वनी भव्य, गोलसर आणि अगदी अस्सल वाटला होता, तोच आता लांबून, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. वादक बिचारा आवाज वाढवत जातो, तबल्याचा डग्गा आणि पियानोचा खर्ज एकमेकांत मिसळतात आणि त्या गोंगाटात गाण्याचे शब्द हरवतात. वाद्य महाग असते, वादक तयारीचा असतो, तरीही मैफल बसत नाही. याचे कारण बहुधा एकच असते. ध्वनी जिथे निवडला ती जागा आणि जिथे तो ऐकवायचा ती जागा, या दोहोंत मोठे अंतर असते. डिजिटल पियानो घेऊ पाहणाऱ्या किंवा हाती असलेल्या वाद्यातून योग्य ध्वनी निवडू पाहणाऱ्या वादकांनी हे अंतर कसे ओळखावे आणि कसे भरून काढावे, याचा हा परिचय.

पट्ट्यांची जुनी ओळख

कोल्हापूरच्या श्रोत्याचा कान पट्टीवाद्यांना नवखा नाही. संगीत नाटकांच्या काळात पायपेटी म्हणजेच ऑर्गन हा रंगभूमीचा आधारस्वर होता. 'संगीत मानापमान'ला १९११ मध्ये चाली देणारे गोविंदराव टेंबे हे करवीरनगरीचेच आणि हार्मोनियमवादक म्हणून त्यांची ख्याती सर्वदूर होती. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटाचे संगीतही त्यांचेच. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखली गेलेली वास्तू, ध्वनिक्षेपक नसतानाच्या काळात बांधली गेली. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत त्याच्या स्वतःच्या ताकदीने पोहोचणे तेव्हा अपेक्षित होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, या वास्तूला आग लागून तिची मोठी हानी झाली, तेव्हा शहर हळहळले ते केवळ एका इमारतीसाठी नव्हे.

आजच्या मैफलीतला आवाज मात्र यंत्रांतून फिरून श्रोत्यापर्यंत येतो. भावगीतांचा कार्यक्रम असो, चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा असो वा गणेशोत्सवातील मांडवातला जलसा असो, पियानोचे काम डिजिटल वाद्यच करते. त्याला व्यावहारिक कारणे आहेत. मैफलीचा मोठा ग्रँड पियानो पावणेतीन मीटर लांब आणि सुमारे अर्धा टन वजनाचा असतो. त्यातल्या सव्वादोनशेहून अधिक तारा ट्यूनरने दर कार्यक्रमापूर्वी जुळवाव्या लागतात. शिवाय पावसाळी हवेत लाकूड फुगते आणि सूर ढळतो. याउलट, ८८ पट्ट्यांचा डिजिटल स्टेज पियानो दोघांनी सहज उचलून गाडीत ठेवता येतो.

खऱ्या पियानोत काय घडते?

नक्कल पारखायची तर आधी मूळ कळायला हवे. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. तारेचे कंपन पुलावरून लाकडी ध्वनिफलकात उतरते आणि तो फलक हवा हलवतो. यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, जोरात वाजवले तर आवाज केवळ मोठा होत नाही, तो बदलतो. जोराच्या आघाताने नमदा अधिक दाबला जाऊन कठीण होतो आणि वरचे उपस्वर उमटतात. म्हणून हळू वाजवलेला पियानो मऊ आणि जोरात वाजवलेला झळझळीत लागतो. दुसरी, पेडल दाबले की सर्व तारा मोकळ्या होतात आणि एक स्वर वाजवला तरी त्याच्याशी नाते असलेल्या इतर तारा आपोआप झंकारतात. सतारीच्या तरफांचे काम ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तिसरी गोष्ट म्हणजे, स्वर एका गतीने विरत नाही. आधी झपाट्याने खाली येतो आणि मग दीर्घकाळ रेंगाळतो. खर्जातील तार अर्ध्या मिनिटाहूनही अधिक काळ ऐकू येते, तर सर्वांत वरच्या पट्ट्यांचा स्वर क्षणात विझतो.

नकलेचा प्रवास

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-सेव्हन आला. गणिती सूत्रांनी लहरी घडवणाऱ्या या वाद्यातला इलेक्ट्रिक पियानोचा घंटेसारखा ध्वनी जगभर गाजला, पण तो लाकडी पियानोचा ध्वनी नव्हता. त्याच वर्षी वाद्यांना परस्परांशी बोलता यावे यासाठी 'मिडी' ही सामाईक भाषा ठरली आणि पट्टीवरील आघाताचा वेग १ ते १२७ अशा अंकांत मोजला जाऊ लागला. १९८४ मध्ये अमेरिकी संशोधक रे कुर्झवाइल यांच्या वाद्याने खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित तुकडे, म्हणजे सॅम्पल, स्मृतीत साठवून वाजवले. अंध गायक-वादक स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या संवादातून ही कल्पना आकाराला आली होती. १९८८ मध्ये आलेल्या कोर्ग एम-वनमध्ये सर्व वाद्यांच्या सॅम्पलसाठी मिळून अवघी चार मेगाबाइट जागा होती. तरीही त्यातला टणक, चमकदार पियानो अगणित गाण्यांत ऐकू येतो.

आज एकाच पियानोची सॅम्पल अनेक गिगाबाइट जागा व्यापतात. दुसरीकडे, तार, हातोडी आणि फलक यांचे गणित मांडून ध्वनी तत्क्षणी निर्माण करण्याची 'मॉडेलिंग' ही पद्धतही स्थिरावली आहे. २००६ मध्ये पियानोटेक हे सॉफ्टवेअर आणि २००९ मध्ये रोलंडचा व्ही-पियानो आला. या पद्धतीत पियानोची मुद्रिते साठवावी लागत नाहीत, त्यामुळे आघाताच्या छटा अखंड राहतात.

या इतिहासात एक धडा दडलेला आहे. चार मेगाबाइटचा पियानो रंगमंचावर चालला, कारण तो वाद्यमेळातून वर उठून ऐकू येत होता. ध्वनीचा तपशील आणि ध्वनीची पोहोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादकाला दोन्ही हव्या असतात, पण सभागृहात पोहोचीला अग्रमान द्यावा लागतो.

निवडीच्या कसोट्या

दुकानात गेल्यावर आवडते गाणे वाजवून वाद्य पारखू नये. आपण चांगले वाजवत असलो की वाद्यही चांगले वाटू लागते. त्याऐवजी पुढील चाचण्या कराव्यात.

एक : मध्य सप्तकातील एकच पट्टी अगदी हळुवारपणे सुरू करून वीस वेळा क्रमाने जोर वाढवत वाजवावी. ध्वनीचा पोत हळूहळू उजळत गेला पाहिजे. मध्येच पायरी चढल्यासारखा बदल जाणवला, तर मऊ आणि जोरकस सॅम्पलमधला सांधा उघडा पडला असे समजावे.

दोन : डावीकडून उजवीकडे प्रत्येक पांढरी-काळी पट्टी सारख्या जोराने वाजवावी. काही वाद्यांत एकच सॅम्पल ताणून शेजारच्या तीन-चार पट्ट्यांना वापरलेले असते. जिथे नवे सॅम्पल सुरू होते तिथे आवाजाचा रंग एकदम पालटतो.

तीन : खर्जातील एक पट्टी दाबून धरावी आणि शांतपणे ऐकत राहावे. स्वर लवकर मेला किंवा त्यात ठरावीक लयीत घुमणारी लाट ऐकू आली, तर सॅम्पलचा छोटा तुकडा पुन:पुन्हा फिरवला जात आहे. भावगीताच्या संथ ठेक्यात हा दोष उघड होतो.

चार : पेडल दाबून दोन्ही हातांनी वरखाली लांब सुरावट वाजवावी. आधीचे स्वर मध्येच तुटत असतील तर एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची मर्यादा, म्हणजे पॉलिफोनी, अपुरी आहे. स्टिरिओ ध्वनीत एका पट्टीला बहुधा दोन स्वरांची जागा लागते, त्यामुळे कागदावरचे ६४ प्रत्यक्षात ३२ होतात. १२८ वा त्याहून अधिक क्षमता असलेले वाद्य सोयीचे.

पाच : एखादा स्वरमेळ आवाज न करता दाबून धरावा आणि त्याच्या खालचा षड्ज जोरात वाजवून लगेच सोडावा. धरलेल्या स्वरांचा झंकार मागे उरला, तर वाद्यात तरफेसारखा अनुनाद साधलेला आहे. एकल वादनात हा गुण मोलाचा ठरतो. मात्र आठ वाद्यांच्या ऑर्केस्ट्रात तो कोणाला ऐकू येणार नाही, हेही लक्षात ठेवावे.

सहा : हीच सर्व उजळणी हेडफोन काढून, एकाच स्पीकरवर, दहा पावले दूर उभे राहून दुसऱ्याला वाजवायला लावून ऐकावी. ही चाचणी बहुतेकजण टाळतात आणि निकाल नेमका तिथेच लागतो.

स्टिरिओचा सापळा

हेडफोनमध्ये पियानो भव्य वाटतो तो स्टिरिओमुळे. ध्वनिमुद्रण करताना पियानोवर दोन मायक्रोफोन लावतात. एकात खर्ज अधिक येतो, दुसऱ्यात वरचे स्वर. दोन्ही कानांना वेगवेगळे ऐकू आले की वादकाला आपण पियानोसमोर बसलो आहोत असा भास होतो. मात्र अनेक सभागृहांत आणि जवळजवळ सर्वच मांडवांत ध्वनिव्यवस्था मोनो असते, म्हणजे सर्व स्पीकरमधून एकच आवाज जातो. त्या वेळी डावी-उजवी बाजू एकत्र मिसळतात. एकच स्वर दोन मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोहोचलेला असल्याने काही लहरी एकमेकींना छेद देऊन नाहीशा होतात. पियानो पोकळ, डब्यातला लागतो तो यामुळे. वादक किंवा ध्वनिसंयोजक कितीही बटणे फिरवोत, जे छेदले गेले ते परत येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मोनोसाठी खास तयार केलेला ध्वनी वाद्यात असेल तर तो रंगमंचासाठी राखून ठेवावा. नसेल तर सर्व पियानो-ध्वनी मोनो करून ऐकावेत आणि ज्याचा पोत सर्वांत कमी बिघडतो तो निवडावा. कित्येकदा घरी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेला साधा ध्वनी इथे पहिला येतो. काही वाद्यांत एकच बाजू मिक्सरला देऊनही काम भागते. मात्र तेव्हा खर्ज किंवा वरचे स्वर दबत नाहीत ना, हे तपासावे.

गाण्याला जागा ठेवणारा ध्वनी

एकल वादनाचा पियानो आणि साथीचा पियानो एकच असू शकत नाही. एकट्याने वाजवताना खर्जाचा भरणा, मऊ कडा, दीर्घ घुमारा सारे हवेसे वाटते. साथीला मात्र डग्गा आणि बास गिटार यांनी खालचा प्रदेश आधीच व्यापलेला असतो, तर गायकाचे शब्द वरच्या मध्यभागात, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात स्पष्ट होतात. पियानोने दोन्हीकडे गर्दी केली की कोणीच धड ऐकू येत नाही.

म्हणून साथीसाठी तुलनेने उजळ, कमी घुमणारा आणि लवकर विरणारा ध्वनी निवडावा. बास गिटार असेल तर पियानोचा ८० हर्ट्झखालचा भाग मिक्सरवर कापून टाकण्यास सांगावे. २५० ते ४०० हर्ट्झच्या आसपास थोडी कपात केली की गढूळपणा जातो. वाद्यातला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, घरच्या निम्म्याने कमी ठेवावा, कारण सभागृहाला स्वतःचा घुमारा असतोच. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डावा हात हलका ठेवणे. बास गिटारवादक खर्ज सांभाळत असताना पियानोने तोच स्वर अष्टकात ठोकण्याची गरज नसते.

गर्दीच्या मांडवात फार मऊ वाजवलेले स्वर कोलाहलात बुडतात. अशा वेळी वाद्यातील पट्टीचा प्रतिसाद, म्हणजे टच, एक पायरी हलका करून घ्यावा. लहान आघातालाही पुरेसा आवाज मिळतो आणि वादकाला झोडपावे लागत नाही. सत्तरच्या दशकातील चित्रपटगीते वाजवताना मूळ गाण्यात लाकडी पियानो आहे की इलेक्ट्रिक, हे आधी कान देऊन ऐकावे. इलेक्ट्रिक पियानोच्या जागी कितीही उंची ग्रँड पियानो वाजवला तरी जाणत्या श्रोत्याला तो खोटाच वाटतो.

सुराचा प्रश्न

मराठी मैफलीत एक प्रश्न असा उभा राहतो, ज्याचा उल्लेख परदेशी माहितीपुस्तिकांत क्वचितच सापडतो. पियानो समान अंतराच्या बारा स्वरांत जुळवलेला असतो. तानपुऱ्यावर गाणाऱ्या गळ्याचा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे एका पट्टीच्या अंतराच्या सातव्या हिश्श्याइतका, खाली असतो. धैवतातही जवळजवळ तेवढाच फरक पडतो. पंचम मात्र जवळपास मिळतो. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके बंदी घातली, तिच्यामागच्या आक्षेपांत हा स्थिर स्वरांचा मुद्दा प्रमुख होता.

पियानोचा स्वर विरत जातो, त्यामुळे हा संघर्ष पेटीइतका टोचत नाही. तरीही रागाधारित गीतात गायक गंधारावर ठेहराव घेत असताना पियानोने तोच स्वर दाबून धरू नये. षड्ज-पंचमाची चौकट द्यावी आणि गंधार गळ्यावर सोडावा. ध्वनी जितका लांब आणि भरीव, तितकी ही तफावत अधिक जाणवते. लवकर विरणारा ध्वनी निवडण्याचे हेही एक कारण आहे. काही वाद्यांत शुद्ध स्वरांतराची सोय असते, पण ती एकाच षड्जाला धरून चालते. गाण्यातील स्वरमेळ बदलत गेले की इतर स्वर बेसूर लागतात.

दुसरी बाब सप्तकांची. पोलादी तारेचे उपस्वर गणिती अपेक्षेपेक्षा किंचित चढे असतात. म्हणून ट्यूनर पियानोचे वरचे स्वर जरासे चढे आणि खालचे जरासे उतरते ठेवतो. चांगली डिजिटल वाद्ये हा ताणही हुबेहूब उतरवतात. एकल वादनात तो शोभतो, मात्र सोबत हार्मोनियम किंवा दुसरा कीबोर्ड असेल तर वरच्या सप्तकात कुरकूर ऐकू येते. वाद्याच्या मेन्यूत हा ताण काढण्याची सोय असल्यास तेव्हा ती वापरावी. कार्यक्रमाआधी हार्मोनियमचा षड्ज आणि पियानोचा षड्ज एकत्र वाजवून पाहणे तर अत्यावश्यकच. बहुतेक डिजिटल वाद्ये ४४० हर्ट्झच्या मापावर येतात. पेटी त्याहून चढी किंवा उतरती असेल तर पियानोच सरकवावा लागतो, पेटी सरकत नाही.

लॅपटॉप की वाद्य?

उत्तम सॅम्पल-संच लॅपटॉपवर चालवून साध्या कीबोर्डवरून वाजवता येतात. ध्वनी अप्रतिम मिळतो, पण पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा विलंब सांभाळावा लागतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब साडेतीन मीटरवरील स्पीकर ऐकण्यासारखा आहे. एवढा चालतो, पण त्याहून बराच वाढला की लय मागे खेचली जाते. शिवाय मांडवातला उकाडा, धूळ आणि वीज खाली-वर होणे लॅपटॉपला मानवत नाही. तो नेणाऱ्यांनी वाद्यातला एक अंगभूत पियानो-ध्वनीही तयार ठेवावा. संगणक बंद पडला तरी गाणे थांबता कामा नये.

कार्यक्रमाच्या दिवशी

वाद्यापासून मिक्सर दूर असेल तर मध्ये डीआय बॉक्स वापरावा. साध्या लांब केबलने घरघर शिरते. वाद्याचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून बाकीचे काम मिक्सरवर सोपवावे. पेडल स्वतःचेच न्यावे आणि त्याखाली न घसरणारा रबरी तुकडा ठेवावा. गायकांची पट्टी बदलते. काळी एक, पांढरी चार, काळी पाच, असे प्रत्येक गाण्यापुढे कागदावर लिहून ठेवावे. ट्रान्सपोजचे बटण आधीच्या गाण्यावर तसेच राहून गेल्याने उत्तम गाण्यांच्या सुरुवाती फसलेल्या आहेत. निवडलेले तीन-चार ध्वनी, म्हणजे एकल, साथीचा मोनो, इलेक्ट्रिक आणि एक राखीव, शेजारी-शेजारी साठवावेत. शंभर ध्वनींतून ऐनवेळी शोध घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

आणि ध्वनिचाचणीत निदान एक कडवे दुसऱ्या कोणाला वाजवायला सांगून स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. तिथून शब्द कळतात का, सूर जुळतो का आणि पियानो आहे असे कळते का, एवढेच पाहावे. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर ध्वनीची निवड बरोबर आहे, मग तो यादीत कितव्याही क्रमांकावर असो. जुन्या नाट्यगृहांतील नट-गायकांनी शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला डोळ्यांसमोर ठेवूनच आपला आवाज घडवला होता. त्याच श्रोत्यासाठी पियानोचाही ध्वनी निवडायचा असतो.